डिझेलची बचत : पेण-रोह्याच्या वाटेवरील कांहीं विचार

श्रावण लागण्याच्या अगोदरपासूनच पेणभोंवतालच्या हमरापूर, जोहे या गांवांच्या रस्त्यांवर पिकअप गाड्यांची ये-जा वाढूं लागते. हौद्यांत लांकडी फळ्यांचे मजले केलेले, त्यांवर गणपतीच्या मूर्ति दाटीनें उभ्या, आणि वरून प्लॅस्टिकचें आच्छादन घट्ट बांधलेलें, हें दृश्य मुंबई-गोवा मार्गानें जाणाऱ्या वाचकांनीं पाहिलेंच असेल. वर्षाचे उरलेले महिने याच गाड्या पापड-मिरगुंडांचीं खोकीं, पोह्यांचीं पोतीं, घरबांधणीचें सामान, किंवा रोह्याजवळच्या धाटाव येथील कारखान्यांस लागणारा किरकोळ माल वाहतात. ज्या घराण्यांत दोन पिढ्यांपूर्वीं मुलगा कचेरींत किंवा मुंबईच्या एखाद्या पेढींत चिकटला म्हणजे वडील मंडळी निश्चिंत होत, त्याच घराण्यांतील तरुण आज बँकेचें कर्ज काढून पिकअप घेतो व घरच्या कारखान्याचा माल स्वतः पोंचवितो. आम्हांस तर हें शुभचिन्ह वाटतें. मात्र गाडी दारांत आली कीं तिच्यामागून एक प्रश्नही घरांत येतो, आणि तो रात्रीच्या जेवणाच्या पंगतींत वारंवार निघतो. तो प्रश्न डिझेलचा होय.

हिशेब अगदीं साधा आहे. पेणहून वडखळ, नागोठणें व भिसे खिंड या वाटेनें रोहें सुमारें ४० किलोमीटर, जाऊन-येऊन ८०. महिन्यांत अशा २५ फेऱ्या झाल्या म्हणजे २,००० किलोमीटर. भरलेली गाडी लिटरास १२ किलोमीटर जाते असें धरलें, तर सुमारें १६७ लिटर डिझेल लागेल, व लिटराचा भाव ९० रुपये मानल्यास महिन्याचा आंकडा पंधरा हजारांवर जातो. कर्जाचा हप्ता ठरलेला, विम्याचा हप्ता ठरलेला, टायर झिजायचे तेव्हां झिजणारच. डिझेलचा खर्च तेवढा आपल्या हातांतला, असें मालकास वाटत असतें. अशा वेळीं कोणी येऊन सांगितलें, कीं हें लहानसें उपकरण बसवा आणि शेंकडा वीस डिझेल वांचवा, तर महिन्यास तीन हजार व वर्षास छत्तीस हजार रुपये डोळ्यांपुढें नाचूं लागतात. कर्ज फेडूं पाहणाऱ्या तरुणास हा मोह आवरणें कठीण आहे, यांत त्याचा दोष नाहीं.

हीं उपकरणें पाहावींत तर त्यांची विविधता मोठी. एक, डिझेलच्या नळीवर आंवळावयाचा लोहचुंबक. दुसरें, हवेच्या वाटेंत बसवावयाची पात्यांची भिंगरी. तिसरें, टाकींत टाकावयाच्या गोळ्या. चौथें, पाण्याचें पृथक्करण करून हायड्रोजन वायु इंजिनास पाजणारी बाटली. प्रत्येकाच्या विक्रेत्याचें म्हणणें मात्र एकच असतें : इंजिनांत डिझेल अर्धवट जळतें, आमच्या युक्तीनें तें पुरतें जळेल. या विधानाचा पहिला अर्धा भाग खरा असता, तर दुसऱ्याचा विचार करतां आला असता. वस्तुस्थिति अशी आहे, कीं सुस्थितींत असलेलें डिझेल इंजिन आपल्याला मिळालेल्या तेलाचे शंभरांतले अठ्ठ्याण्णवहून अधिक भाग जाळून टाकतें. मग उरलेल्या दोन भागांतून वीस भागांची बचत कशी काढावयाची?

"तर मग एवढें तेल जातें तरी कोठें?" असें वाचक विचारतील. तें जळतें, पण जळून उत्पन्न झालेल्या उष्णतेचें सर्वच्या सर्व काम होत नाहीं. मोठा भाग धुराड्यावाटे व रेडिएटरवाटे बाहेर पडतो. उष्णतेचें काम करून घेण्यास निसर्गानेंच एक मर्यादा घातलेली आहे, आणि ती मर्यादा कार्नो या फ्रेंच इंजिनियरानें १८२४ सालींच दाखवून दिली. रुडॉल्फ डिझेल यानें १८९७ सालीं ऑग्सबर्ग येथें आपलें इंजिन चालवून दाखविलें, तेव्हां तेलांतील उष्णतेपैकीं सुमारें शेंकडा २६ भागांचें काम होई, व त्या काळीं हा मोठा पराक्रम गणला गेला. आजचीं गाड्यांचीं इंजिनें अगदीं उत्तम परिस्थितींत शेंकडा ४० च्या आसपास पोंचतात. या चौदा भागांच्या प्रगतीसाठीं शंभराहून अधिक वर्षें, टर्बोचार्जर, आणि हजारांवर वातावरणांच्या दाबानें तेल फवारणारे इंजेक्टर लागले. महामार्गावरील दुकानांत मिळणाऱ्या चुंबकानें हें काम दुपारच्या चहाच्या आंत होतें, असें मानावयास आम्ही तयार नाहीं.

हायड्रोजनच्या बाटलीबद्दल थोडें स्वतंत्र सांगितलें पाहिजे, कारण तिच्यामागें विज्ञानाचा आव अधिक आहे. पाण्याचें पृथक्करण विजेनें होतें हें खरें, व हायड्रोजन जळतो हेंही खरें. पण ती वीज येते अल्टरनेटरकडून, अल्टरनेटर फिरतो इंजिनाच्या पट्ट्यानें, आणि इंजिन चालतें डिझेलवर. प्रत्येक पायरीवर कांहीं भाग गळतो. हा प्रकार म्हणजे पंपानें विहिरीचें पाणी गच्चीवरील टाकींत चढवावें आणि तेंच पाणी खालीं सोडून त्याच्या जोरावर पंप फिरवावा, अशापैकीं आहे. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण खात्यानें १९७० नंतरच्या काळांत असल्या शंभराहून अधिक उपकरणांची परीक्षा केली. फारच थोड्यांत कांहीं फायदा दिसला, आणि जो दिसला तोही अल्प.

तथापि ज्यांनीं हीं उपकरणें बसविलीं, त्यांतील पुष्कळ जण शपथेवर सांगतात, कीं आमचा ॲव्हरेज वाढला. हे लोक खोटें बोलतात असें आम्ही म्हणत नाहीं. त्यांची फसगत मोजणींत होते, आणि ती कशी होते हें पाहणें मोठें मनोरंजक आहे. उपकरण घेण्यास मनुष्यानें पैसे मोजले कीं तो त्या दिवसापासून गाडी जपून हांकूं लागतो, ॲक्सिलरेटरवरचा पाय हलका होतो, आणि चार दिवस मुद्दाम आंकड्यांकडे लक्ष ठेवतो. बचत होते ती पायामुळें. श्रेय जातें चुंबकास. दुसरें असें, कीं पंपावर टाकी 'फुल' केली म्हणजे किती भरली हें नळी बंद होण्यावर अवलंबून असतें. गाडी किंचित् कलती असली, किंवा डिझेलला फेंस अधिक आला, तर एक-दोन लिटरांचा फरक सहज पडतो. आणि पंधरा लिटरांच्या भरणांत दीड लिटर म्हणजे शेंकडा दहा. आणखी एक मौज पाहा. टायर झिजला कीं त्याचा घेर कमी होतो, तेवढेंच अंतर जाण्यास चाकास अधिक वेढे घ्यावे लागतात, व किलोमीटर मोजणारा कांटा वेढे मोजून अंतर सांगत असल्यामुळें तो अधिक किलोमीटर दाखवितो. पस्तीस सेंटिमीटर त्रिज्येचा टायर एक सेंटिमीटर झिजला, तर शंभर किलोमीटरांचे जवळजवळ एकशें तीन होतात. म्हणजे जुन्या टायरांवर ॲव्हरेज आपोआप वाढलेला, आणि नवे टायर घातले कीं घटलेला! उलट, रुबाबासाठीं मोठ्या घेराचे टायर बसविले, तर कांटा कमी किलोमीटर दाखवितो व मालक उगाच मेकॅनिकला दोष देतो.

खरी मोजणी करावयाची, तर ती सोपी आहे, पण तीस धीर लागतो. एकाच पंपावर, एकाच नळीजवळ, गाडी सपाट जागीं उभी करून टाकी भरावी. नंतरच्या प्रत्येक भरणाचे लिटर व किलोमीटर वहींत लिहावे. आणि निदान पांच-सहा भरणांची एकत्र बेरीज करून भागाकार करावा. उपकरण पारखावयाचें असेल तर तें पांच भरणें लावावें, पांच भरणें काढावें, पुन्हां लावावें. शक्य असेल तर केव्हां लावलें व केव्हां काढलें हें गाडी हांकणारास सांगूंच नये. किराणा, दूध, भाजी यांचा पै-पैचा हिशेब ज्या घरांत सासवा-सुनांनीं वर्षानुवर्षें ठेवला आहे, त्या घरांत ही वही ठेवण्यास योग्य व्यक्ति कोण, हें आम्हीं सांगावयास नको. चुंबक विकणारे या वहीस फार भितात.

गाडीस केलेल्या सर्वच फेरफारांत अर्थ नसतो असें मात्र कोणी समजूं नये. दुसऱ्या महायुद्धाच्या काळीं, १९४१ सालीं, हिंदुस्थानांत पेट्रोलचें रेशनिंग सुरू झालें, तेव्हां मोटारींच्या मागें किंवा बाजूस कोळशाची उभी भट्टी बसविण्यांत येऊं लागली. कोळसा अपुऱ्या हवेंत जाळला म्हणजे कार्बन मोनॉक्साइड वायु तयार होतो, तो गाळून व थंड करून इंजिनास द्यावयाचा, अशी ती योजना. या जिल्ह्यास, म्हणजे त्या वेळच्या कुलाबा जिल्ह्यास, कोळसा परका नव्हता. येथील जंगलांत कातकरी लोक कोळशाच्या भट्ट्या लावीतच असत. ही युक्ति खरोखरच चाले. परंतु तिचा मोबदलाही उघड होता : निघण्यापूर्वीं भट्टी पेटवून वाट पाहावयाची, राख काढावयाची, चढावर गाडीची शक्ति निम्म्या-पाऊण भागावर आलेली सोसावयाची, आणि विषारी वायूपासून जिवास जपावयाचें. पेट्रोल पुन्हां मुबलक होतांच लोकांनीं भट्ट्या काढून टाकल्या. खऱ्या फेरफाराची ही खूण आम्हांस मोलाची वाटते : त्यास किंमत मोजावी लागते व ती किंमत दिसते. जें उपकरण फुकटांत बचत देतें म्हणून सांगतात, त्याविषयीं संशय धरण्यास प्रत्यवाय नाहीं.

आतां पिकअप गाडीचें डिझेल खरोखर कशांत खर्च होतें तें पाहूं. वजन चढावर नेण्यांत, टायरांच्या लोळण्यांत, वारंवार ब्रेक दाबून वेग वायां घालविण्यांत, आणि हवा कापण्यांत. पैकीं हवेचा विरोध लोकांच्या ध्यानांत सहसा येत नाहीं, कारण हवा दिसत नाहीं. धरमतरच्या खाडींतून अंतोऱ्याच्या बंदरास मचवे आणणाऱ्या तांडेलास मात्र पाण्याचा विरोध चांगला ठाऊक असे. हवाही पाण्याप्रमाणेंच वागते, इतकेंच कीं पातळ आहे. हा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. ताशीं ५५ किलोमीटरांच्या ऐवजीं ८० नें गेल्यास तो दुपटीहून अधिक होतो. पेट्रोलियम कॉन्झर्वेशन रिसर्च असोसिएशन ही भारत सरकारच्या आधारानें १९७८ सालीं निघालेली संस्था वाहनचालकांस ताशीं ४५ ते ५५ चा वेग राखण्यास सांगत आली आहे, आणि ८० च्या मानानें या वेगांत ॲव्हरेज शेंकडा ४० पर्यंत वाढूं शकतो असें तिचें म्हणणें आहे. पेण-रोह्याचें अंतर सरासरी ७० नें काटलें काय किंवा ५० नें काटलें काय, फरक अवघा चौदा मिनिटांचा. मूर्ति घेऊन जाणारा चालक हें न सांगतां पाळतो, कारण गणपतीचा हात मोडला तर त्याचें भाडें जातें. परततांना रिकाम्या गाडींत मात्र तोच चालक वाऱ्याशीं शर्यत लावतो.

हवेच्या याच हिशेबानें हौद्यावर केलेल्या बांधकामाचा विचार करावा. फळ्यांचा सांगाडा केबिनच्या वर हातभर जरी आला, तरी हवेस आडवें येणारें अंग सुमारें पाव हिश्श्यानें वाढतें. हंगाम संपला कीं तो सांगाडा उतरवून ठेवावा. दसऱ्यानंतर तो रिकामाच फिरविण्यांत कांहीं शोभा नाहीं. ताडपत्री घट्ट बांधावी, फडफडूं देऊं नये. सांगाडा कायमचा उंच असेलच, तर केबिनच्या टपावर हवा वर वळविणारा उतरता पत्रा बसवितात, त्याचा मोकळ्या रस्त्यावर खरा उपयोग आहे. वडखळच्या गर्दींत नाहीं. रिकाम्या गाडीचा मागील फाळका पाडून ठेवला म्हणजे हवा सरळ निघून जाते, अशी पुष्कळांची समजूत असते. ती चुकीची आहे. फाळका लावलेला असतां हौद्यांत हवेचा एक भोंवरा कोंडून राहतो, आणि वरून येणारी हवा त्या भोंवऱ्यावरून घसरत पुढें जाते. फाळका पाडला कीं ही सोय मोडते.

टायरांतील हवेबद्दल फार लिहिण्याची गरज नाहीं. चारही टायरांत दर पौंडामागें शेंकडा पाव भागाच्या आसपास ॲव्हरेज घटतो, असा अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचा अंदाज आहे. म्हणजे दहा पौंड कमी असतील तर वरील हिशेबांत महिन्यास तीनशें रुपये गेले. पण म्हणून कंपनीनें सांगितल्याहून अधिक हवा भरणें हा दुसरा अविचार होय. टायर मधोमध झिजतो व पावसांत ब्रेक लागत नाहीं. नायलॉनच्या ऐवजीं रेडियल टायर घेणें मात्र बदलावयाच्या वेळीं अवश्य विचारांत घ्यावें, कारण ते लोळतांना कमी शक्ति खातात. पुढें बसविलेला लोखंडी जाडजूड गार्ड, हौद्यांत वर्षभर पडून असलेल्या सांखळ्या व जॅक यांचें वजन प्रत्येक चढावर पैसे मागतें. एअर फिल्टर वेळेवर बदलावा. 'अधिक हवा देणारा' म्हणून विकला जाणारा महाग फिल्टर ॲव्हरेज वाढवीत नाहीं, आणि महामार्गाचें काम २०११ पासून रेंगाळल्यानें या भागांत जी धूळ उडत आली आहे ती गाळण्यास तो साध्याहून कमीच पडण्याचा संभव.

उभ्या गाडीचें इंजिन चालूं ठेवण्याची संवय निराळी सांगावयास हवी. पिकअपचें डिझेल इंजिन नुसतें गुरगुरत ठेवलें तरी तासास अर्धा लिटर किंवा त्याहून अधिक तेल जाळतें. वडखळच्या कोंडींत, माल भरतांना, चहा घेतांना मिळून रोजचा अर्धा तास धरला, तरी महिन्यास पांच-सहाशें रुपये धुरांत गेले.

आतां ज्या एका संवयीविषयीं आम्हांस सर्वांत अधिक कळकळीनें लिहावयाचें आहे, तिच्याकडे वळतों. भिसे खिंडीच्या उतारावर, तशीच सुकेळी खिंडींत, कित्येक चालक गाडी न्यूट्रलमध्यें टाकतात, आणि कोणी कोणी तर चावी फिरवून इंजिनच बंद करतात. उतार फुकट मिळाला, डिझेल कशाला जाळावें, हा त्यांचा युक्तिवाद. जुन्या गाड्यांच्या काळीं त्यांत कांहीं तथ्य असेल; आजच्या संगणक-नियंत्रित इंजेक्टरांच्या इंजिनांत तें उलटें झालें आहे. गिअर लावलेला असून ॲक्सिलरेटरवरून पाय काढला, कीं चाकेंच इंजिनास फिरवितात व इंजेक्टर डिझेल जवळजवळ पूर्ण बंद करतात. न्यूट्रल केलें कीं इंजिनास स्वतःच्या जोरावर फिरत राहण्यासाठीं तेल जाळावेंच लागतें. म्हणजे ज्या बचतीसाठीं हें साहस करावयाचें, ती बचतच होत नाहीं. आणि इंजिन बंद केलें तर काय होतें? ब्रेकला साह्य करणारी निर्वात पोकळी इंजिनाच्या पंपानें तयार होते. दोन-तीनदां पेडल दाबलें कीं ती संपते, पेडल दगडासारखें होतें, सुकाणूचें साह्य जातें, आणि दीड टन माल मागून ढकलीत असतो. घरच्या वडील मंडळींनीं मुलास गाडीच्या हप्त्याबद्दल विचारावें तितक्याच वेळां याबद्दल विचारावें, अशी आमची विनंति आहे.

कायद्याची बाजूही थोडक्यांत सांगतों. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानें, नोंदणी-पुस्तकांतील मूळ तपशिलाशीं विसंगत होईल असा फेरफार गाडींत करण्यास मनाई आहे, आणि जानेवारी २०१९ मध्यें सर्वोच्च न्यायालयानेंही हेंच स्पष्ट केलें. हौद्यांत ठेवलेल्या सुट्या फळ्या निराळ्या, वेल्डिंग करून हौदा वाढविणें निराळें. पेणच्या परिवहन कार्यालयांत, जेथें एम्. एच्. ०६ क्रमांकाच्या गाड्या नोंदल्या जातात, पासिंगच्या दिवशीं हा भेद ध्यानांत येतो. त्याहून वाईट म्हणजे अपघातानंतर विमा कंपनीच्या पत्रांतून ध्यानांत येतो. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज सहा नियमांच्या गाड्यांना धुरांतील काजळी धरणारी गाळणी असते. ती काढून टाकल्यास डिझेल किंचित् वांचतें हें आम्ही नाकारीत नाहीं, कारण गाळणीतील काजळी जाळण्यास मधून मधून थोडें तेल खर्ची पडतें. पण तें काम बेकायदेशीर आहे, आणि ती काजळी शेवटीं आपल्याच आळींतील मुलांच्या छातींत जाते. इंजिनाच्या संगणकाची आज्ञावली बदलून देणाऱ्यांकडे जाण्यापूर्वींही हमीपत्र एकदां वाचावें. इंधनच बदलावयाचें असेल, तर मान्यताप्राप्त सी. एन्. जी. संच, पुस्तकांत नोंद, व दर तीन वर्षांनीं टाकीची दाब-परीक्षा, हा सरळ मार्ग उपलब्ध आहे. मात्र टाकीच्या वजनाइतका माल कमी भरावा लागेल, हें आधींच हिशेबांत धरावें.

रोह्याच्या जवळच कोलाड स्टेशन आहे. कोंकण रेल्वे १९९९ पासून तेथें मालानें भरलेले ट्रक सबंधच्या सबंध उघड्या वाघिणींवर चढवून गोव्यांतील वेर्ण्यापर्यंत नेते. लोखंडी रुळांवर लोखंडी चाकांचा विरोध रबरी टायरांच्या मानानें अनेक पटींनीं कमी, आणि एकामागें एक उभ्या असलेल्या ट्रकांत हवा कापण्याचें काम बहुतेक पहिल्यालाच पडतें. इंजिन बंद, चालक केबिनमध्यें झोंपलेला, आणि शेजारून सह्याद्रि मागें सरकत आहे, असा तो प्रवास चालतो. चाळीस किलोमीटरांच्या फेरीस ही सोय उपयोगाची नाहीं हें उघड आहे. पण पेणच्या मूर्ति गोव्याकडे पाठविणाऱ्या कारखानदारांनीं एकत्र येऊन मोठा ट्रक भरला, तर कोलाडच्या स्टेशनमास्तरांकडे दर विचारून पाहण्यास हरकत नसावी.